जेवणारी मुले : एक

"ठैरो जरा," सुमनबाई ओव्हनला म्हणाली. "अब्बी पंधरा मिंट बाकी है."

ओव्हन ऐकणाऱ्यातला नव्हता. त्याने तिसऱ्यांदा टुणटुण केलं आणि आतल्या बाईने पुन्हा तेच अदबीने सांगितलं, "आपका खाना तैयार है." बावीस वर्षं सुमनबाईने दुसऱ्यांना जेवायला हाका मारल्या होत्या. आता तिलाच कोणी हाक मारून जेवायला बोलवत होतं, आणि तेही 'आप' म्हणून. या नव्या प्रकाराशी बोलायचं तर हिंदीतच बोलावं, असं तिने सकाळीच ठरवून टाकलं होतं. दिपालीने मशीन लावून दिलं तेव्हा त्यात मराठी सापडली नव्हती.

ओट्यावर चौकोनी डबा उघडा होता. एका खणात भात, एकात वरण, एकात घेवड्याची भाजी. झाकणावर छापलं होतं, 'एका व्यक्तीसाठी'. भाताच्या कोपऱ्यात चमच्याएवढा खड्डा पडला होता. डब्याशेजारी स्टीलची छोटी डबी होती, तिच्यातही चमचाभर वरणभात होता आणि झाकणावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली होती. सुमनबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत हात बांधून उभी होती.

शेजारची रुख्मिणीबाई दारातून डोकावली. नवीन मशीन बघायला ती सकाळपासून दुसऱ्यांदा आली होती.

"काय गं सुमन, कोनाची वाट बघून राहिलीस? पावना येनार हाय का?"

"न्हाई अक्का. चव घेतली आत्ता. अर्धा तास थांबायचं असतंय."

"काहून?"

"कोनाला काही झालं तर? उलटी, मळमळ. अर्ध्या तासात कळतंय."

"मंग अर्ध्या तासानं कोन जेवनार?"

"मीच."

"आन चव कोनं घेतली?"

"मीच."

रुख्मिणीबाई उंबऱ्यावर टेकली. तिने जरा विचार केला. "म्हंजी त्यात काही वाईट असलं तर तूच आडवी व्हनार, आन आडवी पडून तूच सांगनार, की जेवू नका बरं कोनी?"

रुख्मिणीबाईचं म्हणणं बराबर होतं. पण बराबर असलेल्या गोष्टीचं करायचं काय, हे तिला कळेना. ती तशीच उभी राहिली आणि अर्धा तास पुरा झाल्यावरच तिने डब्याला हात लावला. तोवर वरणावर साय धरली होती. गरम करावं म्हणून तिने डबा परत आत सरकवला, झाकणावरचा कोड मशीनच्या काचेला दाखवला.

"यह डिब्बा इस्तेमाल हो चुका है," आतली बाई म्हणाली.

"कुठं हो चुका है?" सुमनबाई म्हणाली. "एकच घास तो खाया!"

ही सवय शाळेची. तिचा नवरा तातेराव काविळीने गेला तेव्हा दिपाली पाच वर्षांची होती. त्याच वर्षी गावातल्या शाळेत मुलांना खिचडी शिजवायला बाई हवी होती. सुमनबाई गेली. पहिल्या दिवशी एकशे बारा मुलं होती, आणि एकशे बारा मुलांना किती तांदूळ लागतो हे सांगणारं तिला कोणी नव्हतं. तिने देवाचं नाव घेऊन गंजात, म्हणजे त्या मोठ्या पातेल्यात, ओतला तो बराबर पुरला. त्या दिवसापासून तिचा हात हेच तिचं माप झालं.

पुढे दहा वर्षांनी नियम आला. मुलांना वाढण्याच्या अर्धा तास आधी शिजवणाऱ्या बाईने चव घ्यायची, मग सरांनी घ्यायची, चव नोंदवहीत लिहायचं आणि चमचाभर नमुना डबीत घालून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा. हेडमास्तर किसनराव सर नियमाला पक्के. पण कधी मीटिंगला जायचे, कधी जंताच्या गोळ्यांच्या शिबिराला, आणि नोंदवही सुमनबाईकडेच पडली. तारीख, पदार्थ, जेवणारी मुले, चव घेणाऱ्याची सही, अभिप्राय. अभिप्रायाच्या रकान्यात ती लिहायची, 'चव चांगली'. बारा वर्षांत दोन-अडीच हजार वेळा तिने हे दोन शब्द लिहिले असतील. खिचडी कधी थोडी लागलेली असायची, कधी डाळ बोटचेपी राहायची, पण त्यासाठी वेगळे शब्द लिहावेत असं कोणी सांगितलं नव्हतं. मुलांना अपाय होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. तो मात्र ती जीव लावून तपासायची.

मुलं जेवली की गंजाच्या तळाला जे राहील ते तिचं आणि दिपालीचं. दिपाली शिकायला हिंगोलीला गेली, तिथून पुण्याला गेली, लॅबमध्ये नोकरीला लागली, विश्वंभरशी लग्न करून संसाराला लागली. सुमनबाई गंजाच्या तळावरच जेवत राहिली. दुपारची खिचडी डब्यात घालून घरी आणली की रात्रीचंही भागायचं. घरची चूल फक्त चहाला पेटायची.

मुलं कमी होत गेली. आईबापांना जवळा बाजार गावची इंग्रजी शाळा आवडू लागली, सकाळी पिवळी गाडी गावात येऊ लागली. नव्वद झाली, साठ झाली, चोवीस झाली. गेल्या वर्षी सात होती. यंदा जूनमध्ये शाळेचं दार उघडलंच नाही. किसनराव सरांनी जाताना अर्धी कोरी चव नोंदवही तिच्या हातात दिली. म्हणाले, "सुमनबाई, ही आता कोनी मागनार न्हाई. ठेवा तुमच्याकडं."

एकशे बारावरून सातवर ती पायरी-पायरीने उतरली होती. सातवरून एकवर उतरायला मात्र पायरीच नव्हती. तिने प्रयत्न केला नाही असं नाही. मूठभरच म्हणून तांदूळ घेतला तरी भात सात मुलांचा व्हायचा. दोन दिवस तोच खायचा, तिसऱ्या दिवशी कुत्र्याला घालायचा. अन्न टाकायचं तिच्या जिवावर यायचं. मग तिने शिजवणंच सोडलं. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-टोस्ट, रात्री कंटाळा. साखरेच्या आजाराच्या गोळ्या मात्र वेळेवर. सप्टेंबरात पिठाच्या गिरणीत उभ्या उभ्या तिला चक्कर आली आणि ती लोकांच्या डब्यांवर पडली.

दिपाली धावत आली. रडली, भांडली, डॉक्टरकडे घेऊन गेली. परत गेली आणि पंधरा दिवसांत हा ओव्हन आणि शिजवलेल्या जेवणाच्या डब्यांची पेटी घेऊन पुन्हा आली. फ्रीजचा वरचा कप्पा डब्यांनी गच्च भरला. मशीन स्वतःच्या आणि आईला दिलेल्या फोनला जोडलं.

"हे बघ माय. डबा काढायचा, कोड दाखवायचा, आत ठेवायचा. बाकी तेच करतंय. मशीन चाललं की मला तिकडं पुन्यात कळतंय. पंधरा दिवसात आवडलं न्हाई तर कंपनी परत घेती. पंधरा दिवस तू रोज जेवलीस तर ऱ्हा हितं. न्हाई जेवलीस तर सामान बांधायचं आन माझ्यासंगं यायचं. आता मी ऐकनार न्हाई."

सुमनबाईने मान हलवली. तिला पुण्याला जायचं नव्हतं. मागे आठ दिवस जाऊन आली होती. तिथे तिला कोणी काही कमी केलं नव्हतं, जावई तर गरीब गाय. पण दिवसभर सोफ्यावर बसून दाराकडे बघायचं आणि दारात कोणीच यायचं नाही, याने तिचा जीव घाबरा झाला होता. आठव्या दिवशी तिला तिच्या उंबऱ्याची आठवण येऊन रडू फुटलं होतं, मुलीला दिसू नये म्हणून ती बाथरूममध्ये जाऊन रडली होती. या घरात ती मरायला तयार होती, पण मशीनमुळे राहायला मिळत असेल तर ते बघायलाही तयार होती.

म्हणून पहिल्या दिवशीचा गार वरणभात तिने मुकाट्याने संपवला. दिपालीने देऊन ठेवलेला फोन वाजला. आता फोनमधून विचारणा झाली, 'खाना कैसा लगा?' आणि खाली पाच चांदण्या. दिपालीने दाखवून ठेवलं होतं. सुमनबाईने पाचही चांदण्या दाबल्या. मग उठून कपाटातून नोंदवही काढली आणि लिहिलं. पदार्थ: वरण-भात, घेवडा. चव घेणाऱ्याची सही: तिची. 'जेवणारी मुले' या रकान्यापाशी ती थबकली. रकाना छापील होता, खोडणं तिला बरं वाटेना. तिने १ लिहिलं. अभिप्राय: चव चांगली.

दुसऱ्या दिवशी दोडका होता. तिसऱ्या दिवशी पालक. चौथ्या दिवशी कारलं. रोज ती एक चमचा चाखायची, एक चमचा डबीत काढायची, अर्धा तास थांबायची आणि गार झालेलं जेवायची. डबा मुळात एका माणसाचा, त्यातला चवीचा आणि नमुन्याचा चमचा गेला की राहिलेलं त्या एका माणसाला जरा कमीच पडायचं. आदल्या दिवशीची डबी दुसऱ्या दिवशी उघडून बघायची, वास घ्यायचा, दारावर येणाऱ्या गाईला घालायची. रुख्मिणीबाई बघायची आणि कपाळाला हात लावायची. मशीनला सवय होईना, सुमनबाईला सवय सुटेना. रोज पाच चांदण्या, रोज 'चव चांगली'.

सहाव्या दिवशी डबा आत ठेवला आणि लाईट गेली. काचेवरचे आकडे विझले. सुमनबाईने मशीनला हाक मारून बघितली. "क्या हुआ?" आतली बाई बोलली नाही. बारा वाजले, साडेबारा वाजले, एक वाजला. डबा अर्धवट गरम झालेला. असलं अर्धवट अन्न मुलांना द्यायचं नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिने ते गाईच्या घमेल्यात ओतलं आणि चहा टाकला.

दीड वाजता रुख्मिणीबाई फोन हातात धरून धापा टाकत आली. "घे बाई, तुझी पोरगी हाय. माझ्या फोनवर करून राहिली. तुझा का लागंना म्हने."

सुमनबाईच्या फोनची बॅटरी उतरून गेली होती, तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"माय!" दिपालीचा आवाज चढलेला होता आणि मधेच फुटलाही. "एक वाजून गेला, मशीन चाललं न्हाई. फोन लागंना. मला वाटलं…"

"लाईट न्हाई बाळा."

"मंग जेवलीस का?"

"व्हय."

"काय जेवलीस?"

चूल, कप, टोस्टचा पुडा, सगळं सुमनबाईच्या समोर होतं. "च्या पेले," ती म्हणाली.

पलीकडे दिपालीने मोठा श्वास घेतला. "माय, एक इचारते, खरं सांग. पाच दिवसाचे पाच-पाच स्टार दिलेस. कारल्याला पन पाच?"

"चांगलं व्हतं की."

"काय चांगलं व्हतं त्यात?"

"मीठ बराबर व्हतं. कच्चं न्हवतं."

"मी ते न्हाई इचारत. आवडलं का?"

"पहिली-दुसरीच्या लेकरायनं खाल्लं नसतं. कडू हाय त्यायला."

"लेकरायचं न्हाई माय. तुझं. तुला आवडलं का?"

सुमनबाईने रुख्मिणीबाईकडे बघितलं. जणू तिला माहीत असावं. रुख्मिणीबाई दुसरीकडे बघू लागली.

"तुला काय आवडतंय ते सांग ना," दिपाली म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "ते डबे मागवायचे तवा फॉर्म भरायचा व्हता. आईला काय आवडतं, म्हून इचारलं व्हतं त्यात. माय, मी तिथंच अडले. मला म्हाईतच न्हाई. सत्तावीस वर्षाची झाले मी. मंग अर्धं मला आवडतंय ते भरलं आन अर्धं डॉक्टरनं सांगितलं ते."

"बरं केलंस."

"काय बरं केलं? तू जेवून राहिली का त्या मशीनसमोर हजेरी लावून राहिली, मला तेच कळंना. मी शनिवारी येते. सामान बांधून ठेव."

फोन बंद झाला. रुख्मिणीबाई उठली आणि घरून अर्धी भाकरी आणि ठेचा घेऊन आली. सुमनबाईने ती खाल्ली. चव घेतली नाही, थांबली नाही, भूकच तेवढी लागली होती. खाऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण याची चवसुद्धा पाहिली नाही, आणि तिला स्वतःचाच राग आला. एवढं साधं विचारलं होतं पोरीने. त्याचं उत्तर नाही म्हणून घर सोडावं लागणार, हे कुठल्या शाळेत असतं?

दुसऱ्या दिवशी लाईट होती. सुमनबाईने ठरवलं, आज नीट बघायचं. डबा पिठल्याचा होता. चवीचा चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. जीभ तिची हुशार होती. तिने लगेच सांगितलं, बेसन शिजलंय, हळद जरा जास्ती, तिखट पहिलीच्या लेकरांना लागेल, चौथीच्यांना चालेल. सुमनबाई म्हणाली, ते झालं, आवडलं का? जीभ गप्प.

ती आठवू लागली. शिवकन्याला मटार आवडायचे नाहीत, ती एकेक वेचून ताटाच्या कडेला रांग लावायची. हनुमान खिचडीवर कच्चा कांदा मागायचा. प्रियंकाला गूळ घातलेली लापशी दिली तर ती दोनदा घ्यायची आणि तिसऱ्यांदा ताट पाठीमागे लपवून यायची. मल्हारी म्हणून एक होता, तो भात आणि वरण एकमेकांना लागू द्यायचा नाही, मधे बोटाने धरण बांधायचा. दोन-अडीचशे पोरांच्या आवडी तिला तोंडपाठ होत्या. तातेरावला वांगं लागायचं, दिपालीला साबुदाणा. सासूला ताक नसेल तर ती उठून जायची. आठवत आठवत सुमनबाई माहेरापर्यंत जाऊन आली. तिथे तिच्या भावांना काय आवडायचं ते आठवलं.

खरवड, तिला एकदम वाटलं. गंजाच्या तळाची लागलेली खिचडी. ती तर मी रोज खरवडून खात होते, आवडीनेच. पण तळाला तेवढीच राहायची. ती आवडत होती म्हणून खाल्ली, की उरत होती म्हणून आवडली? बराच वेळ ती या प्रश्नाभोवती फिरली. एकदा वाटायचं, आवडत होती. मग वाटायचं, दुसरं काही समोर आलंच कधी? तिचा नुसता गोंधळ उडाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी, गरम पिठल्यासमोर, स्वतःच्या घरात ती हरवल्यासारखी झाली. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पिठल्याच्या तिखटाने आलं की कशाने, तेही तिला सांगता आलं नसतं.

'खाना कैसा लगा?' फोनने विचारलं. तिने चांदण्यांना हात लावला नाही. नोंदवही काढली. तारीख. पिठलं-भात. जेवणारी मुले: १. सही. अभिप्रायाच्या रकान्यात तिने पेन टेकवला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा वेगळे शब्द लिहिले. 'माहीत नाही'.

शनिवारी दिपाली अकराच्या सुमारास आली. रात्रभर गाडीत बसून जवळा बाजारला उतरली होती, तिथून जीपने. दाराजवळ पिशवी भरून ठेवलेली होती. दोन लुगडी, गोळ्यांचा डबा, चार्जर. सुमनबाईने सांगितल्याप्रमाणे सामान बांधलं होतं. मुलीने इतक्या लांबून यावं आणि वर भांडावं, हे तिला नको होतं.

पिशवी बघून दिपालीचा चेहरा उतरला. ती भांडायची तयारी करून आली होती, इथे भांडायला कोणी नव्हतंच.

"हात-पाय धू," सुमनबाई म्हणाली. "च्या टाकते."

दिपाली ओट्यापाशी गेली. ओव्हन पुसून लख्ख ठेवला होता. शेजारी स्टीलच्या दोन डब्या, एक कालची चिठ्ठीवाली, एक धुऊन पालथी घातलेली. त्यांच्याखाली नोंदवही. ती तिने ओळखली, लहानपणी शाळेच्या किचनशेडमध्ये बसून असल्याच वह्यांच्या मागे तिने पाढे लिहिले होते. तिने सहज उघडली.

चुलीवर चहा उकळत होता. मागे काही आवाज येईना म्हणून सुमनबाईने वळून बघितलं. दिपालीचं बोट एका रकान्यावरून खाली खाली येत होतं. जेवणारी मुले: १. जेवणारी मुले: १. जेवणारी मुले: १. एका दिवशी काहीच नव्हतं, फक्त 'लाईट नाही'. त्याखाली पुन्हा १, आणि समोर, 'माहीत नाही'. पुढचे दोन्ही दिवस तेच. माहीत नाही. माहीत नाही.

"माय, हे काय हाय?"

"छापील रकाना हाय तो. म्हून लिवलं."

"अर्धा तास थांबत व्हतीस?"

"नियम हाय."

दिपालीला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. ते दोन्ही आवरायला तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला. मग तिने डोळे पुसले, फ्रीज उघडला, वरचाच डबा काढला. मुगाची खिचडी होती. कोड दाखवला, आत ठेवला. सुमनबाई मधे पडायला आली तसं तिने आईला खांद्याला धरून जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर बसवलं.

"हितं बस. आज तू मुलं हायस."

"च्या उतू जाईल."

"मी बघते."

ओव्हन टुणटुणला. "आपका खाना तैयार है." सुमनबाई उठायला लागली. दिपालीने हातानेच थांबवलं. डबा उघडला, चमचाभर खिचडी स्वतःच्या तोंडात घातली, चावली, गिळली. एक चमचा डबीत काढला, चिठ्ठी लावली.

"आता अर्धा तास थांबायचं," ती म्हणाली, आणि आईच्या समोर मांडी घालून बसली.

सुमनबाई तिच्याकडे बघतच राहिली. हजारो दिवस तिने लेकरांसाठी पहिला घास घेतला होता आणि लेकरं तिच्या तोंडाकडे बघत ताटं वाजवत बसली होती. तिच्यासाठी पहिला घास आजवर कोणी घेतला नव्हता. मग तिला एकदम काळजी वाटू लागली.

"तुला काही व्हत तर न्हाई ना? मळमळ?"

"काही न्हाई व्हत. गप बस."

ओव्हनने पुन्हा टुणटुण केलं. "रुको," दिपाली म्हणाली.

एवढ्यात रुख्मिणीबाई आली. दिपालीने तिलाही बसवलं आणि नोंदवहीची दोन पानं समजावून सांगितली. "मावशी, मी रोज पुन्याहून चव घ्यायला येऊ शकत न्हाई. तुमी घ्याल का? रोज दुपारी एक चमचा. अर्धा तास हितं बसायचं, मंग मायला वाढायचं आन सही करायची."

"मला सही येत न्हाई. अंगठा चालतो का?"

"चालतो."

"मंग येते की. माझं काय जातंय. पन कारलं असलं तर त्या दिवशी मी येनार न्हाई, आत्ताच सांगून ठेवते." रुख्मिणीबाईला स्वतःची आवड एका दमात सांगता आली, याचं सुमनबाईला मनातून फार कौतुक वाटलं.

"म्हंजी…" सुमनबाईने दाराजवळच्या पिशवीकडे बघितलं. पुढे विचारायची तिला भीती वाटली.

"आधी जेव," दिपाली म्हणाली.

अर्धा तास झाला. डबा गार झाला होता. दिपालीने खिचडी पातेल्यात काढून चुलीवर परत गरम केली, हे इतके दिवस सुमनबाईला सुचलं नव्हतं. ताटात वाढून ताट आईसमोर ठेवलं. दोघी बघत होत्या आणि एक जेवत होती. सुमनबाईने पहिला घास घेतला. सवयीने तिच्या तोंडावर 'चांगली' आलंच होतं. पण ती थांबली, घास तोंडात फिरवला. पहिलीची लेकरं आठवली, त्यांना तिने मनातल्या मनात जरा बाजूला बसायला सांगितलं. दुसरा घास घेतला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

आणि मग, कोणी थांबवायच्या आत, "मी न्हाई येत पुन्याला."

दिपालीने नोंदवही जवळ ओढली, चव घेणाऱ्याच्या रकान्यात स्वतःची सही केली, अभिप्रायात लिहिलं, 'मीठ कमी'. "बरं," ती म्हणाली. "नको येऊ." ती उठली, दाराजवळची पिशवी उचलून आत कपाटात नेऊन ठेवली.

सुमनबाई जमिनीला हात टेकून उठायला लागली.

"कुठं चाललीस?"

"मीठ आनते."

"बस तू. मी आनते."

सुमनबाई परत बसली. हात कुठे ठेवावेत तिला कळेना, तिने ते मांडीवर ठेवले. आत फळीवर डबे हलवल्याचा आवाज येत होता. मीठ कुठल्या डब्यात आहे ते दिपालीला सापडत नव्हतं. सुमनबाईने सांगितलं नाही. ताट समोर ठेवून ती मिठाची वाट बघत बसली.